आडवा पडणारा तरंडा

डोळे गेले म्हणजे माणूस अंधारात पडतो, अशी रॉइस क्लाइनची समजूत होती. सासऱ्याच्या बाबतीत ती खोटी ठरली. व्हर्लिन हॅटमेकरला सरोवर दिसे, पलीकडच्या काठावरचे देवदार दिसत, ढगांची चाल दिसे. दिसत नसे ती केवळ ज्या वस्तूकडे तो पाही ती वस्तू. नजरेच्या मधोमध एक राखी डाग येऊन बसला होता, आणि नजर जिकडे वळे तिकडे तोही वळे. समोरची बशी नाहीशी होई, शेजारची दिसे. माणसांचे कान आणि खांदे पाहून तो त्यांची नावे घेई. अशा माणसाने टेनेसीच्या डोंगरातल्या त्या आडबाजूच्या घरात एकट्याने राहू नये हे उघड होते, आणि ते प्रथम बोलून दाखवले जावयाने. एक मार्चपासून म्हाताऱ्याने ओहायोला लेकीकडे राहायचे, असे ठरले. निर्णय योग्य होता. तो योग्य असल्यामुळेच त्याचे ओझे रॉइसला दुसऱ्या कुणावर टाकता येत नव्हते.

व्हर्लिनने वाद घातला नाही. अठरा फेब्रुवारीला लेक आणि जावई सामान बांधायला आले. रात्रीचे जेवण आटोपल्यावर, मक्याच्या पावाच्या तुकड्याने बशी पुसून घेत, तो एवढेच म्हणाला, "जायच्या आधी एक तपकिरी. माझ्या हातानं. मग न्या कुठं न्यायचं तिथं."

स्मॉलमाउथ बास या माशाला त्या डोंगरातली माणसे नुसते तपकिरी म्हणतात. पन्नास हिवाळे व्हर्लिन तो एकाच रीतीने धरत आला होता. दोन ग्रॅम शिशावर बदकाची पिसे बांधून केलेली माशी, पिसांत दडवलेला गळ, वर अकरा फूट बारीक दोरा, आणि त्या दोऱ्याच्या वरच्या टोकाला सुपारीहून थोडा मोठा, पाण्यावर उभा राहणारा तरंडा. फेकणे, उचलणे, ओढणे हे सारे हातांना पाठ होते. परंतु या विद्येचा प्राण तरंड्याकडे पाहण्यात आहे, आणि पाहणे तेवढे आता त्याच्याकडून होण्यासारखे नव्हते. पाहणारा दुसरा हवा होता. लेकीला, नेडीनला, लहानपणापासून होडीत मळमळे. उरला रॉइस, आणि त्याच्या हाती दहा दिवस.

पहिल्या सकाळी व्हर्लिनने गळाची दुसरी काठी त्याच्या हातात दिली. "ज्यानं कधी टाकलं नाही त्याला बघता येत नाही. टाक."

नऊ फुटांच्या लवचिक काठीपुढे अकरा फूट दोरा लोंबत असताना तो फेकायचा कसा, हा प्रश्न बुद्धीने सुटणारा नव्हता. रॉइसने मागे झोका दिला, पुढे झोका दिला, आणि डोक्यावर काहीतरी ओढ लागली.

"काय धरलंस?" व्हर्लिनने विचारले.

"टोपी."

"किती पौंडाची?"

दुपारपर्यंत माशी पाण्यात पडू लागली. सॉरेल ओढा सरोवराला मिळतो तिथे डोंगराचा कडा सरळ पाण्यात उतरला आहे. त्या कड्यापासून होडीभर अंतर ठेवून ते वाऱ्याबरोबर सरकत होते. पाणी काळे आणि हाताला चावणारे होते. माशी ओढायची नाही, नाचवायची नाही, नुसती लोंबत ठेवायची, असा व्हर्लिनचा दंडक होता. जे नाचवायचे ते लाटा नाचवतील.

"थंडीत तो धावत नाही," तो म्हणाला. "धावण्यात खर्च होतं तेवढं खाण्यात मिळत नाही, हे त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. माशांची बारकी पोरं थंडीनं बधिर होऊन पाण्यात मधेच लटकतात. हा त्यांच्याखाली उभा राहतो आणि वाट बघतो. म्हणून आपणही वाट बघायची. तरंडा काय करतोय?"

"काही नाही. आडवा पडलाय. माशी बहुतेक खडकावर टेकली."

"कधीपासून?"

"आत्ताच. आता उठला. उभा आहे."

व्हर्लिनने विचारले, "आपल्याखाली पाणी किती?"

रॉइसने होडीतल्या यंत्राकडे पाहिले. "चौतीस फूट."

"आणि माशी अकरावर. मग ती कुठल्या खडकावर टेकली, जावईबापू?"

रॉइस ओहायोच्या सपाट मुलखातला. शेततळ्याच्या काठी बसून मासे धरत मोठा झालेला. तिथे मासा आमिष घेऊन खाली जातो, तरंडा बुडतो आणि माणूस काठी उचलतो. चाळीस वर्षे त्याच्या डोळ्याला एकच खूण ठाऊक होती, आणि ती इथे उलटी होती. इथला मासा खालून वर येतो, माशी तोंडात घेतो आणि तसाच तरंगत राहतो. शिशाचे वजन त्याच्या जबड्यावर विसावते. ज्या वजनाने तरंड्याला उभे धरलेले असते ते नाहीसे झाले की तरंडा निमूट आडवा होतो. काही बुडत नाही, काही हलत नाही. जणू विसावा घ्यावा तसा तो कलंडतो, आणि मासा फसवणूक ओळखून माशी थुंकून टाकतो तेव्हा पुन्हा उठून उभा राहतो. रॉइस बुडण्याची वाट पाहत होता. त्या दिवशी त्याने अशी तीन विश्रांती पाहिली, आणि तीन मासे गेले.

दुसऱ्या दिवशी व्हर्लिनने होडी काढलीच नाही. घरामागे पन्हळीखाली जस्ताचा मोठा टब होता. त्यावरचा बर्फाचा पापुद्रा त्याने मुठीने फोडला, दोरा हातभर केला, तरंडा पाण्यावर ठेवला आणि बाही वर सारून हात टबात घातला.

"मी मासा. तू बोल."

पाण्याखाली त्याची दोन बोटे माशीला शोधत गेली आणि तिला केसभर वर उचलती झाली. तरंडा कलंडला.

"आडवा," रॉइस म्हणाला.

"उशीर. परत."

बोटे पुन्हा खाली गेली. या वेळी तरंडा पुरता पडला नाही. नुसता एका बाजूला झुकला. रॉइस थांबला.

"बोल की. काय मुहूर्त बघतोयस?"

"अर्धाच झुकलाय."

"मासा अर्धा नसतो."

मग बोटांनी माशी बाजूला नेली आणि तरंडा उभ्याउभ्या मुंगीच्या चालीने सरकला, तोही मासाच. मग व्हर्लिनने माशी आणि तरंडा उचलून पुन्हा पाण्यात टाकले, पण माशी तळहातावरच झेलली. तरंडा पडला तसा आडवाच राहिला.

"हा काय?"

"अजून उभा राहायचाय."

"मी किती वेळ वाट बघू? टाकल्यावर जो उभाच राहिला नाही, त्याची माशी वाटेतच कुणीतरी घेतली. हे न कळल्यामुळं निम्मी दुनिया रिकाम्या हातानं घरी जाते."

तास गेला. म्हाताऱ्याचा हात कोपरापर्यंत लाल झाला, मग निळसर. नेडीन कागदात गुंडाळलेली चिनीमातीची भांडी हातात घेऊन मागच्या दाराशी आली. "पॅप, बोटं गळून पडतील तुमची."

"पडू दे पोरी. ओहायोत त्यांना काय काम आहे?"

नेडीन आत निघून गेली. रॉइसने मान वर केली नाही. तो तरंड्याकडे पाहत राहिला, आणि पुढच्या वेळी बोटे माशीला लागताक्षणी म्हणाला, "आडवा."

"हं," व्हर्लिन म्हणाला. "आता जमतंय."

डोळा तयार झाला, तरी काम साधले नाही. होडीत काठी व्हर्लिनच्या हाती असे आणि रॉइस शेजारी बसून पाही. तरंडा पडे, तो डोळ्यातून तोंडात येई, तोंडातून म्हाताऱ्याच्या कानात जाई, कानातून हातात. एवढ्या मुक्कामांत मासा मोकळा होई. चार दिवसांत नऊ वेळा काठी उचलली गेली आणि नऊही वेळा ती हलकी आली.

"तुझा शब्द माझ्यापाशी येईस्तोवर," व्हर्लिन म्हणाला, "तो घरी जाऊन, जेवून, झोपलेला असतो."

सहाव्या दिवशी रॉइसने बरेच मनात घोळवून विचारले, "पॅप, बोलण्याऐवजी खांद्यावर हात ठेवला तर? पडला की दाबीन."

त्यांचे नाते बारा वर्षांचे होते. या बारा वर्षांत ते नाताळाला भेटल्यावर एकदा आणि निघताना एकदा हस्तांदोलन करीत. त्यापलीकडे एकमेकांना शिवण्याचा प्रसंग आला नव्हता. व्हर्लिनने पाण्याकडे तोंड करून विचार केला.

"डावा," तो म्हणाला. "उजवा काठीचा."

जाड कोटातूनही तो खांदा रॉइसला अपेक्षेपेक्षा लहान लागला.

सातव्या दिवशी सकाळी दोन संधी आल्या आणि थोडक्यात हुकल्या. उचलण्यात आता निमिषाचाच उशीर होत होता, परंतु उशीर तो उशीर. दिवस तीनच उरले होते. घरी खोल्या रिकाम्या होत चालल्या होत्या आणि बोलले की भिंती आवाज परत देत. दुपारी कड्याच्या सावलीत तरंडा तिसऱ्यांदा पडला. रॉइसने खांदा दाबला. व्हर्लिनचा हात हलण्याआधी एक क्षण मधे रिकामा गेला, आणि त्या रिकाम्या क्षणात रॉइसचा हात आपसूक खांद्यावरून घसरून कोपराखाली गेला आणि त्याने कोपर वर उचलले.

काठी वाकली आणि वाकलेलीच राहिली. मासा खोल गेला, रिळातून दोरा कुरकुरत निघाला. पुढचे सारे व्हर्लिनने केले; चार पौंडांचाच ताण सोसणाऱ्या त्या दोऱ्यावर त्याने मासा फार संयमाने खेळवला. जाळ्यात आला तेव्हा तो साडेचार पौंड भरला. पितळेसारखा, डोळा तांबडा. व्हर्लिनने ओल्या हाताने त्याच्या पाठीवरून एकदा बोटे फिरवली.

"कुणी उचलली?" त्याने विचारले.

त्या सरोवरावर मासा कुणाचा, याविषयी एकच नियम आहे: मासा तोंडाशी असताना ज्याने काठी उचलली त्याचा. नंतर रीळ कुणी फिरवले, जाळे कुणी लावले, याला किंमत नाही. बाप लेकाला आणि नवरा बायकोला या बाबतीत सूट देत नाही. रॉइसला तो नियम पहिल्याच दिवशी सांगण्यात आला होता.

"तुम्ही," तो म्हणाला.

व्हर्लिनने मासा पाण्यात सोडला आणि काठी आवरली.

परतताना पेट्रोलसाठी ते धक्क्यावर ऑर्फा टॉलिव्हरच्या दुकानी थांबले. आमिषे, कॉफी आणि डबाबंद मटण विकणाऱ्या त्या दुकानात गल्ल्यामागे एक फळा होता. हिवाळ्यात चार पौंडांवरचा तपकिरी ज्याला मिळे त्याचे नाव ऑर्फा त्यावर खडूने लिही. मासे सगळे सोडूनच दिलेले असत, तेव्हा पुरावा कुणी मागत नसे. माणूस येऊन सांगे, ती लिही. तिथे खोटे बोललेला एक माणूस होऊन गेला होता. वीस वर्षे झाली तरी त्याचे नाव निघाले की पुढचे वाक्य तेच असे.

"काय म्हणतोस व्हर्लिन," ऑर्फा म्हणाली, "मिळाला का, का नुसताच जावयाला गारठवतोयस?"

व्हर्लिन खिशात पाकीट चाचपत होता. रॉइस बोलून गेला, "पॅपना साडेचार पौंडी मिळाला. कड्यापाशी."

ऑर्फाचा चेहरा खुलला. तिने खडू उचलून मोठ्या अक्षरांत हॅटमेकर लिहिले. रॉइसला ती अक्षरे दिसत होती. व्हर्लिनला ऐकू येत होती.

"पूस ते," व्हर्लिन म्हणाला.

"का? सोडलास म्हणून? सगळेच सोडतात. तुझ्या शब्दावर लिहितेय मी."

"मी शब्द दिलेला नाही. याचा आहे तो."

ऑर्फाने रॉइसकडे पाहिले. तिच्या पाहण्यात राग नव्हता, आणि तेच अधिक वाईट होते. "मग तुझं लिहू?"

"नको," रॉइस म्हणाला.

तिने ओल्या फडक्याने फळा पुसला. पेट्रोलचे पैसे घेताना ती हवामानाविषयी काहीतरी बोलली.

ट्रकमध्ये बसल्यावर रॉइसने किल्ली फिरवली नाही. काचेवर वाफ धरत होती.

"पॅप, मला वाटलं—"

"तुला काय वाटलं ते मला ठाऊक आहे. वाईट नव्हतं ते." व्हर्लिनचे तोंड समोर होते, कदाचित तो डोळ्याच्या कडेने त्यालाच पाहत असावा. "ऐक. मी तुझ्या घरी येतोय. तिथं तू म्हणशील दूध ताजं आहे, मी पिईन. म्हणशील ही गोळी सकाळची, मी गिळीन. माझी पत्रं तू वाचशील आणि वाचलंस तेवढंच पत्रात होतं असं मी धरून चालेन. तपासून बघायला माझ्यापाशी काही नाही. माझं बरं व्हावं म्हणून तू उद्या आणखी काय काय सांगशील, ते मला कसं कळणार?"

रॉइसने बाहीने काच पुसली.

"म्हणून परत विचारतो. कुणी उचलली?"

"मी. कोपर धरून."

"हं. मलाही कोपर आहे, कळतं मला. चालव आता, पाय गारठले."

रॉइसने ट्रक चालू केला. नेडीनला त्या संध्याकाळी त्याने सगळे सांगितले. तिने हातातली चिकटपट्टी खाली ठेवली आणि एवढेच विचारले, "आणि उद्या ते तुला नेणार आहेत?"

"साडेसहाला उठव म्हणालेत."

आठवा आणि नववा दिवस वारा पडलेला होता. पाणी काचेसारखे, माशी निर्जीव. दोन्ही दिवस तरंडा खांबासारखा उभा राहिला आणि रॉइसचा हात दोन्ही दिवस खांद्यावर राहिला. शेवटच्या सकाळी पश्चिमेकडून वाऱ्याची झुळूक आली, सरोवरावर बारीक सुरकुत्या धरल्या, आणि तरंडा त्यांवर डुलू लागला. व्हर्लिनने वारा गालावर घेऊन मान हलवली. दुपारी दोन वाजता नेडीन घराची दारे बंद करणार होती आणि ते ओहायोला निघणार होते.

साडेदहा. अकरा. कड्याचे एक टोक संपून दुसरे सुरू झाले. साडेअकराला तरंडा एका लाटेवर चढला, उतरला आणि उतरला तिथेच निजला.

रॉइसने दाबले.

त्याच्या तळव्याखाली खांदा घट्ट झाला. तेवढ्या वेळेत रॉइसने फेकल्या दगडाकडे पाहावे तसे त्या आडव्या तरंड्याकडे पाहिले. त्याचा हात जागचा हलला नाही. तो जागी ठेवायला त्याला दंडापर्यंत सगळे बळ लागले. मग काठी उठली. हिसका नव्हता, लांब, सावकाश उचल होती, आणि वर जाताजाता काठीचे टोक थरथरले.

"आहे," व्हर्लिन म्हणाला, स्वतःशीच.

फार वेळ लागला नाही. मासा लढला, पण लढायला त्याच्यापाशी फारसे काही नव्हते. व्हर्लिनने होडीच्या काठावरून वाकून त्याचा खालचा जबडा चिमटीत धरला आणि अंगठा आत घालून माशी कुठे लागली ते चाचपले. ती वरच्या टाळूत, अगदी मधोमध होती.

"केवढा आहे?"

रॉइसने पाहिले. अंगठ्याच्या अंदाजाने म्हाताऱ्याला ते कळलेले असणारच. तरी प्रश्न विचारलेला होता.

"अकरा इंच," रॉइस म्हणाला. "शेपूट ओढून धरली तर."

"पौंडभर?"

"नाही भरायचा."

व्हर्लिन हसला. त्या दहा दिवसांत रॉइसने त्याला हसताना प्रथमच पाहिले. "ओढायची नाही शेपूट," तो म्हणाला, आणि गळ काढून, मासा दोन्ही तळव्यांवर घेऊन, त्याने हात मनगटापर्यंत पाण्यात घातले.

मासा गेला नाही. थंडीने आणि झुंजीने थकून तो तळव्यांवर तसाच पडून राहिला. कल्ले तेवढे उघडत, मिटत होते. अशा माशाला ढकलायचे नसते. व्हर्लिनने तळवे सपाट ठेवले आणि वाट पाहिली. होडी कड्याला समांतर सरकत होती. त्याच्या मनगटांवरची कातडी लाल झाली, मग तिच्यातला रंग उतरू लागला.

"अजून आहे का?" त्याने विचारले. "बोटांना कळेनासं झालंय."

"आहे."

लाटा होडीच्या बुडाला लागत राहिल्या.

"आता?"

मासा वळला होता, पण गेला नव्हता. म्हाताऱ्याचे हात फार निळे दिसत होते. रॉइसने ओठ उघडले, आणि थोडा थांबून म्हणाला, "आहे अजून."

व्हर्लिनने हात तसेच ठेवले. आणखी काही वेळाने माशाची शेपूट एकदा हलली, पुन्हा हलली, आणि तळव्यांवरची ती तपकिरी रेघ तिरकी होऊन काळ्या पाण्यात उतरली.

"गेला," रॉइस म्हणाला.

व्हर्लिनने हात पाण्याबाहेर काढले.